गोठ्याची नोंद शीटमध्ये: कोणती गाय पोसते, कोणती पोसून घेते

संकलन केंद्राची पावती सांगते की आज गोठ्यातून किती लिटर दूध गेलं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती लागलं आणि पैसे किती झाले. ते दूध कोणत्या गायीचं, ती व्याल्याला किती दिवस झाले, तिच्या खुराकावर किती खर्च झाला, हे पावतीवर नसतं. दहा दिवसांचं बिल हातात आलं की ‘दूध कमी झालं’ एवढंच कळतं. ते एका गायीचं घटलं की सगळ्यांचं थोडं थोडं, याचा अंदाज प्रत्येक जण आपापल्या परीने बांधतो.

पाच-सहा जनावरांच्या गोठ्यातसुद्धा हा अंदाज बऱ्याचदा चुकतो. चुकण्याचं कारण साधं आहे. गाय ताजी व्यालेली असताना तिने भरलेली बादली सगळ्यांच्या लक्षात राहते. ती पुढे चार महिने उलटत राहिली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा पुन्हा माजावर येत राहिली, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. नीट ठेवलेली नोंद दोन्ही गोष्टी सारख्याच लक्षात ठेवते. त्यासाठी गूगल शीट्स किंवा एक्सेल (रकान्यांत नोंदी भरून हिशेब काढायची ॲप), ताणकाटा आणि वही एवढं सामान पुरतं. रोजचा वेळ पाच-सात मिनिटांचा.

आधी मोजमाप

दूध किलोत मोजा. मापाने मोजलं की फेस लिटरमध्ये धरला जातो, आणि धार जोरात काढणाऱ्याच्या हातचं दूध कायम जास्त भरतं. बादली अडकवून वजन करता येईल असा डिजिटल ताणकाटा घ्या. रिकाम्या बादलीचं वजन आधी घ्या आणि बादलीवरच रंगाने लिहून ठेवा. दोन बादल्या वापरात असतील तर दोन्हींवर लिहा. दिसायला सारख्या बादल्यांतही दीडदोनशे ग्रॅमचा फरक सहज निघतो. दुधाची घनता साधारण १.०३ असते, म्हणून किलोला १.०३ ने भागलं की लिटर मिळतात: १० किलो दूध म्हणजे सुमारे ९.७ लिटर.

प्रत्येक गायीचं दूध रोज मोजायची गरज नाही. रोज मोजायचा नेम पहिल्या आठवड्यात पाळला जातो, पेरणी आली की मोडतो, आणि मोडलेल्या नोंदीतून काही काढता येत नाही. बिल दहा दिवसांचं असेल तर १, ११ आणि २१ तारखेला, सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा मोजा. फक्त सकाळची धार मोजून दुप्पट करू नका. दोन धारांमधलं अंतर सारखं नसतं. रात्रीचं अंतर मोठं म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी, तर संध्याकाळी उलटं.

मधल्या दिवसांचं दूध काढायची पद्धत सोपी आहे. १ तारखेला गंगाचं दिवसाचं दूध १४ किलो भरलं, ११ तारखेला १३ किलो. दोन्हींची सरासरी १३.५, मधले दिवस १०, म्हणून त्या दहा दिवसांचं दूध १३५ किलो. असे तुकडे जोडत गेलं की वेताचं, म्हणजे एकदा व्याल्यापासून आटेपर्यंतचं, एकूण दूध निघतं. गायीगणिक दूध मोजणाऱ्या अधिकृत योजनांतही तत्त्व हेच असतं, फक्त त्यांच्या दोन मोजण्यांत साधारण महिन्याचं अंतर असतं.

शीटची मांडणी

इथे घाई केली तर पुढे सगळं अडतं. एकच मोठा तक्ता करून डावीकडे तारखा आणि वर गायींची नावं, अशी मांडणी सगळ्यांना आधी सुचते, कारण वहीत तीच असते. डोळ्यांना ती बरी वाटते, पण शीटला त्यातून हिशेब काढणं जड जातं. नवी गाय आली की नवा रकाना, गाय विकली की रिकामा रकाना, आणि सकाळ-संध्याकाळ वेगळं ठेवायचं तर रकाने दुप्पट. त्यापेक्षा नियम असा ठेवा: एक घटना, एक ओळ. फाइल एकच, तिच्यात चार पानं.

पहिलं पान ‘गायी’. प्रत्येक जनावराची एकच ओळ: क्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, आईचा क्रमांक, कितवं वेत, शेवटची व्यायची तारीख. क्रमांक म्हणून कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे वापरा, फक्त ते दोन जनावरांचे सारखे नाहीत ना हे बघून घ्या. पूर्ण बारा आकडी क्रमांकही एका रकान्यात लिहा, मात्र तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर एक्सेल बारा आकडी संख्या आखडून मध्ये ‘ई’ अक्षर घातलेल्या रूपात दाखवतं आणि बिल्ला वाचताच येत नाही.

दुसरं पान ‘दूध’: तारीख, वेळ, क्रमांक, किलो. बस्स.

तिसरं पान ‘घटना’: तारीख, क्रमांक, प्रकार, तपशील. प्रकारात माज (गाय फळायला तयार असल्याची वेळ), रेतन (कृत्रिम पद्धतीने फळवणं), गाभण तपासणी, आटवणं (व्यायच्या आधी दूध काढणं थांबवणं), विणं, आजार, लस, खुराकातला बदल. चौथं पान ‘पैसे’: तारीख, आलेले की गेलेले, बाब, नग, एकक, दर, रक्कम.

क्रमांक, वेळ आणि प्रकार हे रकाने हाताने टाइप करू देऊ नका. ‘डेटा’ मेन्यूत जाऊन ‘डेटा व्हॅलिडेशन’मधून ड्रॉपडाउन, म्हणजे ठरलेल्या यादीतूनच निवडायची सोय, लावा. ‘गौरी’, ‘गोरी’ आणि शेवटी चुकून स्पेस पडलेली ‘गौरी ’ या शीटच्या लेखी तीन वेगळ्या गायी असतात, आणि महिनाअखेरीला एका गायीचं दूध तीन ठिकाणी विखुरलेलं दिसतं.

तारखेने सर्वांत जास्त घोळ होतो. गूगल शीट्समध्ये ‘फाइल’, ‘सेटिंग्ज’, ‘लोकेल’ इथे जाऊन देश भारत आहे का हे पहिल्याच दिवशी बघा. तिथे अमेरिका असेल तर ५/३ ही तारीख ५ मार्चऐवजी ३ मे होते आणि २५/३ ही तारीख म्हणून धरलीच जात नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. अशा शीटमध्ये अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या नुसता मजकूर असा प्रकार होतो, आणि वरवर पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. ओळखायची खूण अशी: शीटने तारीख किंवा आकडा म्हणून ओळखलेली गोष्ट आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला जाते, मजकूर डाव्या कडेला राहतो. देवनागरी आकडे टाकले तर तेही बहुधा डावीकडेच राहतात आणि बेरजेत येत नाहीत. नोंद मराठीत ठेवा, पण आकडे इंग्रजी कीबोर्डचे घाला.

रिकामी चौकट आणि शून्य यांत फरक करा. गाय आटली असेल तर शून्य. मोजायचं राहिलं असेल तर ती ओळच लिहू नका. राहिलेल्या दिवसाला शून्य घातलं की सरासरी खाली जाते आणि चांगली गाय उगीच बदनाम होते. चौकटी एकमेकींत जोडू नका, मध्येच ‘एकूण’ची ओळ घालू नका, आणि लाल रंग म्हणजे आजारी असली खूण ठेवू नका; शीटला रंगांची बेरीज करता येत नाही. आजार घटनांच्या पानावर लिहा.

तारखांचं गणित: इथे खरा पैसा आहे

दुधाच्या आकड्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. गोठ्याचा फायदा-तोटा मात्र माज आणि रेतनाच्या तारखांवर जास्त ठरतो, म्हणून घटनांचं पान मन लावून भरा.

गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. १८ ते २४ दिवस हा नेहमीचा पल्ला. गाभणकाळ गायीचा सुमारे २८० दिवस, म्हशीचा सुमारे ३१०. व्यायच्या आधी ६० दिवस गाय आटवायची. एवढं माहीत असलं की रेतनाची एक तारीख टाकून पुढच्या सगळ्या तारखा शीटकडून काढून घेता येतात. शीट तारखेला आतून दिवसांचा आकडाच समजते, म्हणून तारखेत सरळ २१ मिळवता येतात: रेतनाची तारीख A2 या चौकटीत असेल तर शेजारी ‘=A2+21’.

समजा रेतन १० जून २०२५ ला झालं. माज पुन्हा येतो का हे पाहायचे दिवस २८ जून ते ४ जुलै. नाही आला तर गाभण तपासणी ६० ते ९० दिवसांत, म्हणजे ९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर. आटवायची तारीख २२० दिवसांनी, १६ जानेवारी २०२६. व्यायची तारीख १७ मार्च २०२६च्या आसपास. म्हैस असेल तर आटवायला २२०ऐवजी २५० आणि व्यायला २८०ऐवजी ३१० दिवस धरा.

यातली पहिली तारीख फार मोलाची आहे. २८ जून ते ४ जुलै या आठवड्यात पहाटे आणि रात्री गायीकडे मुद्दाम बघायचं, हे शीट सांगते तेव्हा उलटलेली गाय हातातून निसटत नाही. म्हशीत मुका माज (बाहेरून फारशी खूण न दिसणारा) असतो, उन्हाळ्यात तर खूणच दिसत नाही. तिथे तारीख माहीत असणं आणखी उपयोगी पडतं. एक माज हुकला की २१ दिवस गेले. एका जनावराचा रोजचा खर्च अडीचशे रुपये धरला तर हे सव्वापाच हजार. आटत आलेल्या दुधाने त्यातलं थोडं भरून निघेलही, पण पुढचं वेत तेवढ्याच दिवसांनी लांबतं.

या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवण म्हणून टाका. शीट रोज उघडली जाईल याची खात्री नसते, आठवण मात्र वाजतेच.

घटनांच्या पानावरून दुसरी महत्त्वाची संख्या निघते: दोन वेतांतलं अंतर. या वेळच्या व्यायच्या तारखेतून मागची तारीख वजा करा. ३६५ ते ४०० दिवस असेल तर उत्तम. साडेचारशेच्या पुढे गेलं तर कारण शोधायला हवं: माज दिसला नाही, दिसला पण रेतन उशिरा झालं, की रेतन होऊनही गाय लागली नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. माज आणि रेतन या दोन वेगळ्या ओळी लिहिल्या असतील तर कारण नोंदीतच सापडतं. माजाच्या ओळी आहेत आणि रेतनाच्या नाहीत, म्हणजे डॉक्टर किंवा रेतन करणारा सेवक वेळेवर पोचत नाही. रेतनाच्या तीन-चार ओळी २१-२१ दिवसांच्या अंतराने आहेत, म्हणजे गायीची तपासणी करून घ्या आणि क्षार मिश्रण व रेतनाची वेळ दोन्ही बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम मोडला जात असेल तर तेही घटनेच्या तपशिलात वेळ लिहिल्याने उघड होतं.

कोणती गाय खरी दुधाची

दोन गायी घ्या. चांदी ताजी असताना दिवसाला २२ लिटरवर गेली. वेताचं एकूण दूध ४,५०० लिटर, दोन वेतांतलं अंतर ५०० दिवस. गंगा कधीच १६ च्या वर गेली नाही. एकूण ३,८०० लिटर, अंतर ३८० दिवस. बाजारात चांदीला जास्त किंमत येईल. आता एकूण दुधाला वेतांतल्या अंतराने भागा. चांदीचं उत्तर ९ लिटर, गंगाचं १०. भाकड दिवसांचा चारा या आकड्यात आपोआप धरला जातो, कारण ते दिवसही पोसावे लागतातच. शिवाय गंगाचं वासरू १२० दिवस आधी मिळतं. हा एक आकडा प्रत्येक गायीपुढे लिहिला की कोणती ठेवायची, कोणाची कालवड वाढवायची, या चर्चेला घरात आधार मिळतो. चांदीला लगेच विकायचं असंही यातून निघत नाही. ती ४०० दिवसांत पुन्हा व्याली तर तिचं दूधही बदलेल आणि हा आकडाही. आधी तिची घटनांची ओळ वाचा.

गायीगणिक आणि महिन्यागणिक दूध बघायला पिव्होट टेबल, म्हणजे ओळींची बेरीज आपोआप गटागटाने मांडणारा तक्ता, लागतं. ‘दूध’ पानात आणखी एक रकाना करून त्यात महिना काढा, आणि दिवसाची एकच संख्या मिळावी म्हणून दोन्ही धारांची बेरीज होऊ द्या. मग सगळा तक्ता निवडून ‘इन्सर्ट’, ‘पिव्होट टेबल’. ‘Rows’मध्ये (ओळींत) क्रमांक, ‘कॉलम्स’मध्ये महिना, ‘व्हॅल्यूज’मध्ये किलो आणि तिथे बेरीज. महिन्यात तीनदा मोजलं असेल तर बेरजेला तीनने भागलं की दिवसाची सरासरी. इथे थेट ‘ॲव्हरेज’ निवडलं तर दिवसाची नव्हे, एका धारेची सरासरी मिळते. आकडा निम्मा दिसला की लोक घाबरतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आलेख काढताना आडव्या रेषेवर तारीख न ठेवता ‘व्याल्यापासून दिवस’ ठेवा: दुधाच्या तारखेतून व्यायची तारीख वजा. व्यायची तारीख ‘गायी’ पानातून ‘व्ही-लुकअप’ने (क्रमांकावरून माहिती शोधून आणणारं सूत्र) आपोआप आणता येते. गाय पुन्हा व्याली की ‘गायी’ पानातली तारीख बदलेल आणि जुन्या ओळींचं गणित बिघडेल, म्हणून वेत संपलं की जुन्या ओळींतला तो रकाना कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने पक्का करा. दूध साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सर्वांत वर जातं आणि मग महिन्याला आठ-दहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. पहिलारू गायीत उतार थोडा संथ असतो. सगळ्या गायी या रेषेवर आणल्या की एखादीच वेगळी पडलेली चटकन दिसते. दहा दिवसांत दूध वीस टक्के उतरलं तर ते वेताच्या उतारात बसत नाही: कास चाचपा, दगडीची (कासेच्या सुजेची) तपासणी करा, ताप बघा, पाणी किती पिते ते बघा.

लिटरचा खर्च

सगळ्यात प्रामाणिक राहायचं ते इथे. घरचा चारा फुकट धरला की प्रत्येक गोठा फायद्यात दिसतो. हिरव्या चाऱ्याला गावात जो दर चालू आहे तो लावा. तो चारा विकता आला असता किंवा त्या जमिनीत दुसरं पीक घेता आलं असतं.

समजा चार दुभत्या, एक भाकड आणि एक कालवड. महिन्याचं दूध १,३२० लिटर, घरी आणि वासरांना १२०, विकलेलं १,२००. खुराक ८२५ किलो, ३२ रुपयांनी २६,४००. हिरवा चारा ३,६०० किलो, अडीच रुपयांनी ९,०००. सुका ९०० किलो, ६ रुपयांनी ५,४००. औषधं, रेतन, क्षार मिश्रण २,४००. वीज आणि किरकोळ ८००. एकूण ४४,०००, म्हणजे विकलेल्या लिटरला ३६ रुपये ६७ पैसे. घरचा हिरवा चारा वगळला असता तर हाच आकडा २९ रुपये १७ पैसे दिसला असता. साडेसात रुपयांच्या या फरकात ‘परवडतं’ आणि ‘परवडत नाही’ हे दोन्ही बसतात. घरच्या माणसांच्या मजुरीचा आकडा वेगळ्या ओळीत ठेवा, शेणखताचं आणि वासरांचं उत्पन्न जमेत धरा. दर तुमच्या गावचे घाला. वरचे फक्त पद्धत दाखवायला घेतले आहेत.

एककांची गल्लत ‘पैसे’ पानात हमखास होते. पेंड पोत्याने येते, कडबा शेकड्याने, मुरघास टनाने. कडब्याच्या दहा पेंढ्या एकदा काट्यावर ठेवा आणि एका पेंढीचं सरासरी वजन लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पेंढी बारीक आली तर पुन्हा मोजा. ‘शेकडा तेवढ्यालाच मिळाला’ म्हणताना किलोचा दर चढलेला असू शकतो.

खुराकाचा ढोबळ नियम असा: शरीर पोसायला एक ते दीड किलो, वर गायीला दर लिटरला ४०० ग्रॅम, म्हशीला ५००. नोंद हातात असली की हा नियम गायीगणिक लावता येतो. बहुतेक गोठ्यांत सगळ्यांना एकच टोपली मिळते. मग १८ लिटरची गाय अर्धपोटी राहते आणि आटत आलेली ६ लिटरची गाय अंगावर चरबी चढवते. दर दहा दिवसांनी मोजलेल्या दुधावरून प्रत्येक गायीचा खुराक ठरवून तिच्या दावणीवर खडूने लिहा. महिन्याचं खुराकाचं पोतं तेवढंच राहूनही दूध हलतं.

फॅटची सरासरी काढताना दोन पावत्या मिळवून दोनने भागू नका. सकाळी १० लिटर ३.६ फॅटने आणि संध्याकाळी ६ लिटर ४.२ फॅटने गेलं तर सरासरी ३.९ नाही. १० गुणिले ३.६ म्हणजे ३६, ६ गुणिले ४.२ म्हणजे २५.२, बेरीज ६१.२, भागिले १६, उत्तर ३.८३. शीटमध्ये हे ‘सम-प्रॉडक्ट’ या गुणाकारांची बेरीज करणाऱ्या सूत्राने एका चौकटीत होतं.

नोंद पडताळणं आणि घाईचे निष्कर्ष

मोजायच्या दिवशी गायीगणिक दुधाची बेरीज घ्या, त्यातून घरचं आणि वासरांचं वजा करा, लिटर करा आणि पावतीशी ताडून बघा. थोडाफार फरक राहणारच. पण प्रत्येक वेळी एकाच बाजूला फरक येत असेल तर बादलीचं वजन, ताणकाटा आणि वासराला सोडलेलं दूध या क्रमाने तपासा. तरीही जुळलं नाही तर तारखांसह पावत्या घेऊन केंद्रावर बोला. दोन महिन्यांची नोंद समोर असली की बोलणं मुद्द्यावर राहतं.

नवी पेंड सुरू केली आणि दूध वाढलं, यावरून पेंड चांगली ठरवायची घाई होते. ती गाय तेव्हा व्याल्यापासून तिसऱ्या आठवड्यात असेल तर तिचं दूध तसंही चढणारच होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या पुढच्या, गाभण पण आटायला वेळ असलेल्या गायी निवडा. निम्म्यांना नवी पेंड, निम्म्यांना जुनी, तीन आठवडे. बदल सात-आठ दिवसांत हळूहळू करा, नाहीतर पोट बिघडून दूध पडतं आणि दोष पेंडीला जातो. त्या काळात चारा, धारकरी, वेळ काहीही बदलू नका. दोन-तीन गायींवरून लहान फरक ओळखता येत नाही; अर्ध्या लिटरच्या आतला फरक ‘काही नाही’ म्हणूनच धरा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात घेतलेल्या चाचणीचं उत्तर फेब्रुवारीशी ताडू नका.

गोठ्यात मोबाइल हातात घेणं जमत नाही, हात ओले असतात. दावणीजवळ दोरीने बांधलेली वही आणि पेन्सिल ठेवा, धार काढणाऱ्याने तिथेच लिहावं, आणि १, ११, २१ तारखेच्या रात्री एकाच माणसाने ते शीटमध्ये उतरवावं. वही फेकू नका. शीट घरातल्या दोघांच्या खात्यावर शेअर करा, पण बदल करायची परवानगी एकालाच द्या, बाकीच्यांना फक्त बघायची.

जुन्या वह्या असतील तर त्यातलं दूध उतरवत बसू नका. मोजमापाची पद्धत वेगळी असल्याने ते नव्या आकड्यांत मिसळत नाही. प्रत्येक गायीच्या तीनच गोष्टी शोधून काढा: शेवटच्या दोन विण्याच्या तारखा आणि शेवटच्या रेतनाची तारीख. एवढ्यावर वेतांतलं अंतर पहिल्याच संध्याकाळी समोर येतं, आणि येत्या महिन्यात कोणती गाय कोणत्या आठवड्यात बघायची हेही.